कोणत्या माणसाचा निसर्ग?



पाच जूनची गोष्ट. मी जालन्यात एका रोलिंग मिलमध्ये कामाला आहे. रातपाळी करून बाहेर निघालो तर गेटवर मांडव. पर्यावरण दिन. ठेकेदार म्हणाला, कुणी घरी जायचं नाही, फोटोला माणसं लागतात. बारा तास भट्टीसमोर भाजून निघालेले आम्ही तीस-चाळीस जण रांगेत उभे राहिलो. पाहुण्यांनी रोप लावलं. खड्डा आदल्या दिवशी आम्हीच खोदला होता. मग भाषण झालं.

पाहुणे म्हणाले, पूर्वी माणूस निसर्गाच्या कुशीत राहत होता. नदीला आई मानत होता, झाडाला देव. गरजेपुरतंच घेत होता. गाव स्वयंपूर्ण होतं. पुढं माणूस हावरट झाला. त्यानं यंत्र आणलं, जंगल तोडलं, हवा नासवली. आता माणसानं मागं वळलं पाहिजे.

टाळ्या पडल्या. आम्हीही वाजवल्या.

खोलीवर आलो, पण झोप येईना. एकच शब्द टाळक्यात घण घालत होता. माणूस. कोणता माणूस? माझा पणजा या माणसात धरलाय का? त्याला तर नदीच्या कुशीत जायची बंदी होती. माझी आजी धरलीय का? तिनं आयुष्यात गरजेपुरतं कधी घेतलंच नाही, कारण गरजेपुरतं तिला कधी मिळालंच नाही. आणि आता मागं वळायचं म्हणजे नेमकं कुठं? महारवाड्यात?

मी फार शिकलेला नाही. दहावीनंतर शाळा सुटली. पुढचं शिक्षण विहारातल्या कपाटावर आणि वडापाव बांधून आलेल्या कागदावर. म्हणून पंडिती भाषेत बोलत नाही. जे दिसतं ते लिहितो.

०

माझं गाव धावडा. भोकरदन तालुका, अजिंठ्याच्या डोंगराकडचा भाग. धावडा हे झाडाचंही नाव आहे. चिवट लाकडाचं झाड. बैलगाडीचा कणा त्याचा, कुऱ्हाडीचा दांडा त्याचा. खोडाला जखम झाली की डिंक येतो. पाल्यात कातडं कमावायचा गुण असतो.

आता या एका झाडाकडे गाव कसं बघतं ते बघा. ज्याची गाडी त्याला कणा दिसतो. कातडं कमावणाऱ्याला पाला दिसतो. सरपणाची मोळी आणणाऱ्या बाईला वाळकी फांदी दिसते, आणि फांदीमागं उभा असलेला रखवालदार दिसतो. डिंक वेचणारी बाई वेगळी, डिंकाचे लाडू खाणारी बाळंतीण वेगळी. झाड एकच. पण झाडापाशी जायच्या वाटा जातीच्या.

माझं म्हणणं एवढंच आहे. या देशात माणूस आणि निसर्ग असा सरळ संबंध कधी नव्हताच. मधे जात उभी होती. माणूस आणि पाण्याच्या मधे जात, माणूस आणि मातीच्या मधे जात, माणूस आणि मेलेल्या बैलाच्याही मधे जात. निसर्गाशी माणसाचं नातं कसं बदललं हा इतिहास लिहायचा असेल तर या मधल्या भिंतीचा इतिहास लिहावा लागेल. जो तो लिहीत नाही तो लबाड आहे, नाहीतर त्यानं कधी तहान भोगलेली नाही.

०

सुरुवात त्यांच्याच पोथीपासून करू. म्हणे आमचे ऋषी वनात राहत, हरणं पाळत. बरं. मग खांडववन कुणी जाळलं? महाभारतात आहे. कृष्ण आणि अर्जुनानं अग्नीला अख्खं वन खाऊ घातलं. पळणारी जनावरं बाण मारून परत आगीत पाडली. त्या वनात नाग राहत होते. ते जळाले. पुढं इंद्रप्रस्थात मयसभा उभी राहिली.

जगात सगळीकडेच जंगल कापून शेती आली, दहाएक हजार वर्षांपूर्वीपासून. त्याबद्दल मी रडत नाही. पोटाला भाकर पाहिजे. पण इथं जंगल जळालं तेव्हा जंगलातली माणसंही जळाली, आणि जाळणारे धर्मात्मे ठरले. बाबासाहेबांनी १९५६ साली नागपूरला आपलं नातं नागांशी सांगितलं, ते उगाच नाही. त्यांची गोष्ट वनाच्या प्रेमाची असेल. आपली गोष्ट त्या राखेतून सुरू होते.

०

आता ‘स्वयंपूर्ण’ गावाकडे या.

माधव गाडगीळ आणि कैलास मल्होत्रा यांनी १९८३ साली आणि पुढं गाडगीळ आणि रामचंद्र गुहा यांनी १९९२ साली एक मांडणी केली. मोठे अभ्यासक. जंगलखात्याच्या लुटीबद्दल त्यांनी जे लिहिलं ते आपण वाचलं पाहिजे. पण त्यांचं एक म्हणणं असं की जातींनी निसर्गातली साधनं आपसात वाटून घेतली होती. एकानं मासे धरायचे, दुसऱ्यानं बांबू कापायचा, तिसऱ्यानं गुरं राखायची. त्यामुळं स्पर्धा कमी झाली आणि पिढ्यानपिढ्या आपलंच साधन वापरायचं असल्यानं लोकांनी ते जपून वापरलं. विषमता होती हे ते नाकारत नाहीत. तरी त्यांच्या हिशेबात जात ही निसर्ग राखायची एक तऱ्हा ठरते.

मी या विद्वानांना हात जोडून विचारतो, वाटून घेतलं म्हणता, तर वाटणीच्या पंगतीला आम्ही होतो का? विहीर कुणाच्या वाट्याला आली? काळी कसदार जमीन कुणाच्या? आमच्या वाट्याला मेलेलं ढोर आलं. हा वाटा आम्ही मागितला नव्हता. नाकारायची सोय नव्हती. ज्याला नाही म्हणता येत नाही त्याच्या काटकसरीला संयम म्हणू नका. उपाशी माणूस कमी खातो म्हणून तो व्रतस्थ ठरत नाही.

आपल्या मुलखातल्या जुन्या गावांचा नकाशा काढून बघा. महारवाडा बहुतेक ठिकाणी पूर्वेला. वारं पश्चिमेकडून येतं. म्हणजे वारं आधी त्यांच्या अंगणातून जाणार, मग आमच्याकडे येणार. पाण्याचंही तेच. वरच्या अंगाला त्यांचा घाट, खालच्या अंगाला आमचा डोह. पर्यावरणाचं नियोजन म्हणतात ते हेच ना? इथं ते फार जुनं आहे, आणि एका जातीची घाण दुसऱ्या जातीच्या नाकाशी न्यायची ही त्याची रीत आहे.

माझी आजी सांगते, “आरं लेकरा, इहिरीत डोकवायची बी चोरी व्हती. वरून कुणी पानी वतंल तव्हा वंजळ धरायची. वंजळीतून सांडलेलं पानी दिसायचं, पर इहिरीतलं पानी कसं दिसतं ते मला ठावं नव्हतं.”

नदीला आई मानणाऱ्यांच्या देशात माझ्या आजीला विहिरीतलं पाणी कसं दिसतं ते ठाऊक नव्हतं!

०

गिधाडांचं बघा. १९९० नंतर या देशातली गिधाडं भराभर मेली. काही जाती नव्वद टक्क्यांहून जास्त संपल्या. जनावरांना डायक्लोफिनॅक नावाचं दुखण्याचं औषध टोचत. ते जनावर मेलं आणि गिधाडानं खाल्लं की गिधाडाचं मूत्रपिंड निकामी होई. २००६ साली जनावरांसाठी त्या औषधावर बंदी आली. जगभर हळहळ झाली, आणि व्हायलाच पाहिजे होती. मलाही गिधाड प्रिय आहे.

पण गावाबाहेर त्या मेलेल्या जनावरापाशी गिधाडाच्या आधी कोण जात होतं? आमचा बाप जात होता. गावाच्या लेखी महार आणि गिधाड एकाच खात्यात. फरक इतकाच की गिधाडावर कुणी बहिष्कार टाकला नाही. १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी मेलेली ढोरं ओढणं आणि ते मांस खाणं सोडा म्हणून सांगितलं. आपल्या माणसांनी सोडलं तेव्हा गावोगावी बहिष्कार पडले. गाव स्वयंपूर्ण होतं ना? मग स्वतःचं ढोर स्वतः का ओढवेना? २०१६ साली गुजरातेत उन्याला मेलेल्या गायीचं कातडं काढणाऱ्या पोरांना गाडीला बांधून मारलं, तेव्हा तिथल्या दलितांनी गाय तुमची तुम्ही सांभाळा आणि आम्हाला जमीन द्या अशी मागणी केली. निसर्गाशी नातं बदलायची याहून स्वच्छ मागणी मी ऐकलेली नाही.

०

मग यंत्र आलं, साहेब आला. इंग्रजानं १८७८ साली जंगलाचा कायदा केला आणि जंगल सरकारजमा केलं. अजिंठ्याच्या डोंगराच्या पलीकडं खानदेशात इंग्रज, अलीकडं आपल्यावर निजाम. कुठल्याच बाजूनं मोळीवालीला सुख नव्हतं. जोतिबांनी १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला, त्यात जंगलखात्यानं गरिबाच्या गुरांची चराई कशी हिरावली ते आहे आणि डोंगरावरून वाहून जाणारी माती आणि पाणी बांध घालून अडवा हेही आहे. पर्यावरणाचा विचार आपल्याकडे पुण्या-मुंबईच्या बंगल्यांतून आला असं ज्यांना वाटतं त्यांनी जोतिबा वाचावा.

आणि १९७२ साल आठवा. त्या जूनमध्ये स्टॉकहोमला जगातल्या देशांची पर्यावरणावर पहिली मोठी परिषद भरली. इंदिरा गांधी तिथं गरिबी आणि प्रदूषण यांच्यावर बोलल्या. त्याच साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली. आणि त्याच साली मराठवाड्यात पाऊस गेला. माझी आजी बावीस वर्षांची होती, पदराला एक पोर. ती खडी फोडत होती. “मिलोची लाल भाकर अन् सुकडी,” ती म्हणते, “हाताला फोड, अन् फोडावर माती.”

त्या दुष्काळी कामांतून गावोगाव पाझर तलाव आणि रस्ते झाले. पुढं १९७७ साली रोजगार हमीचा कायदा झाला. मी विचारतो, पाझर तलावाचं पाणी पाझरून कुणाच्या विहिरीत गेलं? ज्याची तलावाखाली जमीन त्याच्या विहिरीत. खडी फोडणारीची जमीनच नव्हती. तिच्या घामानं दुसऱ्याचा भूजल साठा वाढला. हाही निसर्गाशी संबंधच म्हणायचा.

पुढची गोष्ट तुम्ही डोळ्यांनी बघितलीय. मोटा गेल्या, पंप आले, बोअर आले. २००२ पासून बीटी कापूस आला. २०१२-१३ च्या दुष्काळात जालन्याच्या मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या. बागवाला रडला, त्याचं दुःख खोटं नाही. पण बागेत रोजानं जाणाऱ्या बाईचं काय वाळलं याचा पंचनामा झाला नाही. नुकसान मोजायला आधी सातबारा लागतो.

म्हणून मी मिलमध्ये आलो. इथं भंगार वितळवून पोलाद करतात. सोळाशे अंशाच्या आसपास लोखंडाचं पाणी होतं. त्याचे ठोकळे पुन्हा लाल करून रुळांतून ओढले की सळई निघते. त्या सळईवर शहरं उभी राहतात. उन्हाळ्यात सरकार सांगतं, दुपारी बारा ते तीन उन्हात जाऊ नका. आम्ही त्या वेळी चिमटा घेऊन लाल सळईपुढं असतो. बिहारचा एक दोस्त माझ्या शेजारी उभा राहतो. त्याचं गाव पुरानं हटवलं, माझं दुष्काळानं. दोघंही एकाच भट्टीपुढं आलो.

पाहुणे म्हणाले, माणसानं हवा नासवली. जगातले सगळ्यात श्रीमंत दहा टक्के लोक जवळजवळ निम्मा धूर सोडतात, असा हिशेब अभ्यासकांनी मांडलाय. मी त्या दहात नाही. माझ्या छातीत मात्र शंभर टक्के धूर आहे.

०

इतकं ऐकून काही कार्यकर्ते म्हणतील, हे पर्यावरण म्हणजे उच्चवर्णीयांचं खूळ आहे, आपल्याला काय करायचंय, आपला प्रश्न अत्याचाराचा. दोस्तांनो, इथं मी तुमच्याशीही भांडतो.

आपला धम्म पाण्याच्या भांडणातून सुरू होतो. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ लिहिला त्यात सिद्धार्थ घर सोडतो तो म्हातारा आणि प्रेत बघून नव्हे. शाक्य आणि कोलीय रोहिणी नदीच्या पाण्यावरून लढाईला उठले, सिद्धार्थानं युद्धाला विरोध केला, आणि त्यातून तो परागंदा झाला. पाणी वाटायचं कसं, हा आपला पहिला प्रश्न आहे.

दीघनिकायात कूटदन्त सुत्त आहे. कूटदन्त ब्राह्मणाला मोठा यज्ञ करायचाय, शेकडो जनावरं खांबाला बांधलीत. बुद्ध त्याला एका जुन्या यज्ञाची गोष्ट सांगतो. त्या यज्ञात गाय, बकरं, कोंबडं मारलं नाही, खांबासाठी झाड तोडलं नाही, दर्भ कापला नाही, आणि दासांना, मजुरांना दांडक्याचा धाक दाखवून रडत रडत राबवलं नाही. बघा! जनावर, झाड आणि मजूर एका दमात. जो मजुराला दांडक्यानं राबवतो त्याचं झाड वाचवणं बुद्धाच्या लेखी अपुरं आहे. गेटवरच्या मांडवात हे सुत्त कुणी वाचलं असतं तर पाहुण्यांना घाम फुटला असता.

आपलं भोकरदन म्हणजे जुनं भोगवर्धन. इथल्या लोकांनी सांचीच्या स्तूपाला दान दिलं, त्यांचे लेख तिथल्या दगडावर आहेत. या मातीत हा विचार परका नाही. तो इथला आहे, इथून हाकललेला आहे.

आणि महाड. २० मार्च १९२७. बाबासाहेब चवदार तळ्यावर पाणी प्याले. नंतर सनातन्यांनी तळं शुद्ध केलं, कशानं? शेण, गोमूत्र, दूध, दही यांच्या एकशेआठ घागरी तळ्यात ओतून. म्हणजे जनावराच्या मुतानं पाणी नासत नाही, माणसाच्या ओंजळीनं नासतं! प्रदूषण हा शब्द इथं रसायनाच्या आधी आमच्यासाठी वापरला गेलाय. हायकोर्टानं आपल्या बाजूनं निकाल दिला तो १९३७ साली. घोटभर पाण्याला दहा वर्षं.

बाबासाहेब तिथंच थांबले नाहीत. १९४२ ते ४६ मजूरमंत्री असताना दामोदर आणि महानदीच्या योजनांची पायाभरणी त्यांच्या खात्यात झाली. १९४५ साली कटकला त्यांनी सांगितलं की पुराचं पाणी शत्रू समजून समुद्रात हाकलू नका, अडवा, लोकांच्या कामी आणा. १९४७ साली ‘राज्ये आणि अल्पसंख्याक’ मध्ये मागणी केली की शेतजमीन राज्याच्या मालकीची करा, सामुदायिक शेती करा, जमीनदार नको, कूळ नको, भूमिहीन नको. पुढं धरणं झाली, जमीन मात्र जिथल्या तिथं राहिली. अर्धी योजना घेतली आणि अर्धी पुरली. म्हणून धरणात आदिवासी बुडाला, कालव्यावर बागाईतदार तरला आणि टँकरमागं आमची माय धावली. दोष धरणाच्या भिंतीला द्यायच्या आधी ही पुरलेली अर्धी योजना उकरून काढा.

०

आता आजच्या लढाईवर येतो. गायरान.

१९५३ पासून मराठवाड्यातल्या आपल्या माणसांनी पडीक आणि गायरान जमिनीसाठी सत्याग्रह केले. दादासाहेब गायकवाडांनी १९५९ आणि १९६४-६५ साली भूमिहीनांचे मोठे लढे लढवले, हजारो तुरुंगात गेले. २८ नोव्हेंबर १९९१ ला सरकारी निर्णय झाला की १ एप्रिल १९७८ ते १४ एप्रिल १९९० या काळात दलित-भूमिहीनांनी शेतीसाठी केलेली अतिक्रमणं कायम करा.

माझा आजा असाच एक. गावाचं नाव छापत नाही, छापलं तर उद्या म्हातारीच्या पत्र्यावर दगड येईल. बरड माळ होता. कुसळ उगवत नव्हतं. आजा-आजीनं दगड वेचून बांध घातला, पावसाची माती धरली, बाजरी काढली, बांधावर बोरी-बाभळी राखल्या. दोन वेळा उभ्या पिकात ढोरं सोडली गेली. आजा गेला, जमीन नावावर झाली नाही. कचेरीत एक माणूस म्हणतो पुरावा आणा, दुसरा म्हणतो साहेब नाहीत.

२०११ साली सुप्रीम कोर्टानं जगपालसिंग खटल्यात सांगितलं की गावाची सामायिक जमीन मोकळी करा. २०२२ साली मुंबई हायकोर्टानं गायरानाची स्वतःहून दखल घेतली आणि नोटिसा निघू लागल्या. आजीलाही आली. त्या नोटिशीवर बोलताना गावातले पुढारी म्हणतात, गायरान म्हणजे गावाचं फुप्फुस, पर्यावरण वाचलं पाहिजे. वा रे फुप्फुस! त्याच फुप्फुसातून मुरूम उपसून ट्रॅक्टर गेले तेव्हा याला दम लागला नाही? म्हातारीच्या चार बाजरीच्या कणसांनीच दम लागला?

त्या २०११ च्या निकालात एक वाक्य आहे ते कुणी सांगत नाही, म्हणून मी सांगतो. सरकारी आदेशानं भूमिहीन मजुरांना किंवा अनुसूचित जाती-जमातींना दिलेली जमीन हा अपवाद धरता येईल असं कोर्टानंच म्हटलंय. मोठ्यांच्या बळकावण्याविरुद्धचा निकाल आमच्या म्हातारीच्या छपरावर चालवला जातोय.

माळाचं रान कुणी केलं? माती कुणी धरली? झाड कुणी राखलं? पर्यावरण रक्षण याला म्हणत नसतील तर कशाला म्हणतात?

०

तेव्हा दोस्तांनो, रोप लावायच्या आधी हे करा.

आपापल्या गावाच्या तलाठ्याकडे जा. गाव नमुना एक-ई मागा. ती अतिक्रमणाची नोंदवही. माहितीच्या अधिकारात मागा. आपल्या म्हाताऱ्यांची नावं १९९० च्या आधी त्यात आहेत का बघा. दंडाच्या जुन्या पावत्या ट्रंकेत असतील. फाडू नका, जाळू नका. तो दंड नव्हे, तो पुरावा आहे. आजीच्या ट्रंकेत तीन सापडल्या, उंदरानं कुरतडलेल्या, पण सन दिसतं. आम्ही लढतोय.

गावातल्या पाण्याची यादी करा. कोणती विहीर, कोणता हातपंप, टँकर आधी कोणत्या आळीत थांबतो, कोण किती वेळ थांबतं. कागदावर मांडा. ज्या गावात पाणी सारखं नाही त्या गावात वृक्षदिंडी निघाली तर पाण्याचा कागद घेऊन तिच्या पुढं उभे राहा.

आणि मिलमधल्या, जिनिंगमधल्या, ऊसतोडीतल्या पोरांनो, उष्णतेवर, धुरावर, पाण्यावर बोला. हा आपला प्रश्न आहे. आपण बोललो नाही तर आपल्या वतीनं मांडवातले पाहुणे बोलतील, आणि ते पुन्हा म्हणतील, माणूस.

पुढच्या पाच जूनला मी गेटवर उभा राहीन. पाहुणे म्हणतील, पूर्वी माणूस निसर्गाच्या कुशीत होता. तेव्हा मी हात वर करून विचारणार आहे. साहेब, कोणता? रोजी गेली तरी चालेल.

माणूस आणि निसर्ग यांची सोयरीक अजून व्हायचीय. आधी मधली भिंत पाडा.

जय भीम.